एकशे सतरा नंबरचं पिंप

आमच्या घरात भुताची गोष्ट सांगण्याचं काम माझ्याकडे आहे. गणपतीत आरती संपून मोदकांना अजून वाफ लागायची असली, की कुणीतरी हमखास म्हणतं, "मावशी, ते पिंपाचं सांग." मग मी पदर खोचून सुरू करते. त्या गोष्टीत मी भित्री, बावळट आणि जाडी असते. यातलं एकच खोटं आहे, तेव्हा मी जाडी नव्हते. शेवटी मी पर्स उघडते, किंचाळते, सगळे हसतात आणि मोदक येतात.

खरी गोष्ट तिथे संपत नाही. तिचा उरलेला भाग मी कधी सांगितला नाही. लिहायला बसलं की मधेच कुणी मोदक आणत नाही, म्हणून इथे लिहिते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात डिस्पॅचला होते. राहायला ठाण्यात, कोपरीला. सकाळी सगळं जग मुंबईकडे तोंड करून निघायचं आणि मी उलट्या गाडीने डोंबिवलीकडे. सासूबाई म्हणायच्या, "आमची सून उलट्या पायाची."

आमचा माल निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांतून ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या आमच्याच दुसऱ्या शाखेत जायचा आणि रिकामी पिंपं परत यायची. म्हणजे यायला हवीत. गेली तेवढी परत कधीच यायची नाहीत, कारण आमच्या भागात निळ्या पिंपाला मोठी किंमत. पाणी दिवसाआड, तेही पहाटे करंगळीएवढी धार. ज्याच्या मोरीत निळं पिंप, त्याच्या घरी मुलगी द्यायला हरकत नाही, असं आमच्याकडचे हमाल म्हणायचे.

तशात परदेशातल्या एका गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून प्रयोग सुरू झाला. प्रत्येक पिंपाच्या कानाला, म्हणजे उचलायच्या कडीला, वादीने एक काळी चकती बांधायची, दोन रुपयांच्या नाण्याएवढी. गोदामाच्या दाराला दोन पांढरे खांब. पिंप त्यांच्या मधून गेलं, की चकती रेडिओ लहरींवरून आपला नंबर सांगणार, कॉम्प्युटर वेळ टिपणार आणि माल पाठवल्याचं चलन नसताना पिंप बाहेर गेलं तर प्रिंटर आपोआप कागद काढणार. हमालांनी पहिल्याच दिवशी चकतीचं नाव 'टिकली' ठेवलं. ते सगळ्यांच्या तोंडी बसलं, साहेबांच्यासुद्धा.

यंत्र बसवायला आलेला इंजिनिअर मला म्हणाला, "मॅडम, हिच्यात सेल नसतो. ही झोपलेली असते. दाराच्या लहरी अंगावर आल्या की तेवढ्यापुरती जागी होते, नंबर सांगते, परत झोपते." मला ते फार आवडलं. तीन दिवसांचं ट्रेनिंग मला एकटीला मिळालं, कारण गोदामात टायपिंग येणारी मी एकटीच. मी जरा चढलेच. घरी रेडिओ लहरी, रेडिओ लहरी असं इतकं चाललं होतं, की नवरा म्हणाला, "मग त्या पिंपावर नाट्यसंगीत लागतं का गं?"

यंत्र यायच्या आधी पिंपांचा हिशेब मामांच्या डोक्यात असायचा. मामा म्हणजे आमचे गोदामाचे राखणदार. कोपरीच्याच खाडीकडच्या वस्तीतले कोळी. खाडीत मासळी मिळेनाशी झाली तेव्हा तरुणपणी कारखान्यात आले, आता निवृत्तीला पाच महिने उरले होते. ते पिंपं मोजत नसत, ओळखत. "हा कानतुटका, हा पोटफुग्या, ह्यो वागल्याला दोन महिने राहून आला, माजलाय." यंत्र आल्यावर ते दारापाशी स्टुलावर बसून राहायचे आणि खांबांकडे असं बघायचे, की जणू जावई न सांगता मुक्कामाला आलाय.

त्या वर्षी खंडेनवमीला गोदामातल्या पूजेची तयारी माझ्याकडे होती. कारखान्यात त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा होते. पाने, हातोडे, वजनकाटा, सगळं धुऊनपुसून पाटावर. केर काढताना मला खांबाजवळ एक टिकली पडलेली दिसली. इंजिनिअरच्या डब्यातली जादाची असेल असं वाटलं. म्हटलं, नवं हत्यार हेच तर आहे. मी ती पुसली, पूजेच्या ताटात ठेवली आणि हळद-कुंकू वाहिलं. आरती झाली, पेढे झाले. मी त्या दिवशी पैठणी नेसले होते आणि बरोबर कपाटातली चांगली, मोत्यांच्या काठाची पर्स होती. निघताना ताटातली फुलं कागदात बांधून मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नसतं. सासूबाई खिडकीला निर्माल्याची पिशवी टांगत आणि ती भरली की खाडीत सोडत, त्या पिशवीत घालायचं होतं. पण घरी जाताना मैत्रिणींबरोबर टेंभी नाक्याच्या देवीला गेले, गर्दीत दोन तास उभी राहिले आणि घरी पोचेपर्यंत विसरले. पर्स कपाटात गेली.

दसऱ्याची सुट्टी संपवून कामावर आले तर प्रिंटरमधून कागद लोंबत होता. पिंप नंबर एकशे सतरा, खंडेनवमीच्या संध्याकाळी साडेपाचनंतर दाराबाहेर, चलन नाही.

मी तो कागद फाडला, सही केली आणि वर पाठवला. माझ्या यंत्राने पहिलाच चोर धरला होता. मला आनंद झाला, हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता.

साहेब खाली आले. दारावर त्या संध्याकाळी मामाच होते. मामांनी शांतपणे त्यांना आत नेलं आणि भिंतीकडच्या रिकाम्या पिंपांमध्ये एकावर हात ठेवला.

"यो काय एकशे सतरा. कुटं गेला नाय."

"त्याला टिकली कुठाय?"

"पडली असंल. वादी तुटली असंल. पन डरम ह्योच. ह्यो बगा, कानाखाली भाजलाय. पावसाल्यात बॉयलरच्या पायपाला टेकला व्हता."

अंगणात जुनी, टिकली नसलेली पिंपं पुष्कळ पडली होती. साहेब म्हणाले, "मामा, यातलं एक आत आणून ठेवणं काय कठीण आहे? आणि समजा टिकली पडली. पडली तर आत पडेल. ती दारातून बाहेर कशी गेली? तिला पाय आहेत?"

हमाल हसले. मामा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. यंत्राची माणूस मी होते ना.

आणि नेमकं त्याच क्षणी मला पूजेच्या ताटातली ती टिकली आठवली. घरच्या गोष्टीत मी हे गाळते. आठवली, आणि तेवढ्याच वेगाने मी स्वतःला सांगितलं, ती जादाची होती, परत डब्यात गेली असेल. डबा चार पावलांवर होता. मी उठून बघितलं नाही. साहेबांसमोर, सगळ्या हमालांसमोर, पूजेत मी टिकली घेतली होती हे सांगायचं म्हणजे तीन दिवसांचं ट्रेनिंग पाण्यात. मी कागद सरळ करत बसले.

मामांना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. ते जेवणाचा डबा घेऊन निघाले. दारातून जाताना एक हमाल मागून म्हणाला, "मामा, मोरीत जपून ठेवा." खांबांमधून मामा गेले. यंत्र काही बोललं नाही.

मग दिवाळी आली, गेली. चौकशी कुणी केली नाही, चौकशीची कुणाला गरजही वाटत नव्हती. कोपरीत मला मामा दोनदा दिसले, मासळीबाजाराच्या तोंडाशी. पहिल्यांदा मी हसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या दिशेने पाहिलं, आणि त्यांची नजर माझ्यातून आरपार मागच्या भिंतीवर गेली. मी खरंच मागे वळून बघितलं, कुणी आहे का म्हणून. दुसऱ्यांदा मी रस्ता बदलला.

दिवाळीनंतर माझ्या रोजच्या पर्सची चेन तुटली. दुरुस्तीला टाकली आणि कपाटातली मोत्यांची काढली.

त्या सकाळी मी टेबलाशी बसले, कॉम्प्युटर बघितला आणि पडद्यावर शेवटची ओळ होती: एकशे सतरा, आत, नऊ वाजून दहा मिनिटं. मी दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं. पिंप नव्हतं, हातगाडी नव्हती. स्टूल रिकामं होतं.

संध्याकाळी मी घरी गेल्यावर प्रिंटरने कागद काढला. एकशे सतरा, बाहेर, चलन नाही. दुसऱ्या सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी परत आत. असं रोज. सकाळी यायचं, संध्याकाळी जायचं, रविवारी सुट्टी. एकदा मी दुपारी नाक्यावर वडापाव खायला गेले, तर तेही बाहेर जाऊन आलं. दिसायचं मात्र कधीच नाही. मी त्या टेबलाशी एकटी बसायची आणि मागे मानेशी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. भिंतीकडे ते भाजलेलं पिंप होतं. मी त्याच्याकडे पाठ करून बसायला लागले, मग वाटलं पाठ नको, म्हणून टेबल फिरवलं.

हमालांनी खांबाला लिंबू-मिरची बांधली. त्यांच्यातला सगळ्यांत जुना म्हणाला, "बाई, मामाचा जीव अडकलाय हितं."

"काहीतरी काय. मामा जिवंत आहेत. परवा मासळीबाजारात दिसले मला."

"जित्या मान्साचाच जीव अडकतो, बाई. मेलेल्याचा कशाला अडकंल? त्यो सुटला."

त्यानंतर मी जेवायला गोदामाबाहेर, झाडाखाली बसू लागले.

पुढच्या आठवड्यात मुलाला ताप आला म्हणून एक दिवस रजा घेतली. परत आले तर साहेब गमतीने म्हणाले, "काल तुमचं भूत आलं नाही. तुम्ही नसलात की येत नाही वाटतं. भलतंच आज्ञाधारक आहे."

ते हसत निघून गेले. मी उभीच राहिले. पर्स खांद्यावर घेऊन मी दारातून बाहेर गेले आणि आत आले. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. पर्स मामांच्या स्टुलावर ठेवली आणि नुसती गेले, आले. काही नाही. मग स्टुलापाशीच उभी राहून पर्स उघडली. आतल्या कप्प्यात कागदाची पुडी, तिच्यात वाळून काथ्यासारखा झालेला झेंडू आणि झेंडूत ती टिकली. कुंकू अजून चिकटलेलं.

घरच्या गोष्टीत मी इथे किंचाळते. खरं तर तोंडातून आवाजच निघाला नाही.

टिकलीला पाय होते आणि ते माझे होते. खंडेनवमीला तिला मी दाराबाहेर नेलं. देवीपुढे हात जोडून उभी होते तेव्हाही ती माझ्या काखेत झोपली होती. आणि मामा घरी बसले होते.

पहिला विचार काय आला तेही लिहिते. ही गुपचूप त्या भाजलेल्या पिंपाला बांधावी, मिटलं. मी वादी घेऊन तिथपर्यंत गेलेसुद्धा. मग लक्षात आलं, की सगळे म्हणतील, घाबरून मामांनीच आणून ठेवलं. मी हात मागे घेतला. संध्याकाळी टिकली स्टीलच्या डब्यात घातली आणि झाकण लावलं. इंजिनिअरने सांगितलं होतं, धातूतून हिचा आवाज निघत नाही. दारातून गेले. यंत्र गप्प. इतके दिवस मी नकळत नेत होते, त्या दिवशी जाणूनबुजून नेली.

रविवारी सकाळी मामांच्या घरी गेले. त्यांची बायको, बाजारात सगळ्यांची मावशी, उंबऱ्यात टोपली धूत बसली होती. मामा आत भिंतीला टेकून होते. मी डबा उघडून जमिनीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. ताटापासून. साहेबांपुढे मला आठवलं होतं, तेही.

मामांनी टिकली उचलली नाही. मावशीने टोपली बाजूला ठेवली.

मग तीच म्हणाली, "आमच्या दारात निला डरम व्हता, बाई. माज्या भावाने दिल्याला, धा वरसं झाली. हे घरी बसले न् लोकं डरमाकडं बगून हसाया लागली. पोरंसोरं इचारायची, मावशे, ह्योच का तो. मी भंगारवाल्याला दिला."

दाराजवळ पाण्याच्या हंड्या-कळश्यांची रांग होती, झाकणाला ताटल्या. मी मघाशी आले तेव्हा ती ओलांडूनच आले होते.

"साहेबाला सांगितलंस?" मामांनी विचारलं.

"उद्या सांगते."

"सांग. आनि तुज्या मशीननं माज्या नावाचा कागद काडला ना? तसा कागद आन. तोंडी नको."

सोमवारी सांगितलं. साहेब चिडले, मग थोडं हसले, मग काळजीत पडले. मामांना परत बोलवायला त्यांची ना नव्हती. पण परदेशच्या गिऱ्हाइकापर्यंत यंत्र चुकलं असं जायला नको होतं. शेवटी मी टाइप केलेल्या पत्रावर त्यांनी सही केली: पिंप क्रमांक एकशे सतरा सापडले असून आपण कामावर रुजू व्हावे.

ते घेऊन त्याच संध्याकाळी, उजेड होता तोवर, परत गेले. मामांनी चष्मा लावला. ओळीखाली बोट फिरवत वाचलं आणि कागद माझ्यासमोर ठेवला.

"सापडला नाय. हारवलाच नव्हता तं सापडंल कसा?"

"मामा, साहेब एवढंच लिहायला तयार आहेत."

"मंग साहेबाचं ऱ्हाऊ दे. तुजं काय?"

मी तो कागद उलटा केला. फरशीवर बसून, पाठीमागच्या कोऱ्या बाजूला, हाताने लिहिलं. की एकशे सतरा नंबरचं पिंप गोदामातून कधीच बाहेर गेलं नव्हतं. मामांनी ते पहिल्या दिवशीच दाखवलं होतं. त्याची टिकली पूजेत मी घेतली आणि मी बाहेर नेली. मला संशय आला होता आणि मी बोलले नाही. इथे पेन थांबलं. मामा बघत होते. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. कागद मामांपुढे सरकवला.

मामांनी ते दोनदा वाचलं. घडी घालून देवाच्या तसबिरीमागे ठेवलं. "येतो दोन दिसांनी कामाला," म्हणाले. ते आले नाहीत. दोन दिवसांनी नाही, पाच महिन्यांतही नाही. स्टूल तसंच राहिलं. वर्षभरात प्रयोग बंद झाला आणि खांबही निघाले, पण मी त्या दारातून जायची तेव्हा पाऊल क्षणभर अडखळायचं. आपल्याबरोबर काय काय बाहेर चाललंय कोण जाणे, असं वाटायचं. अजून वाटतं, कुठल्याही दारात.

पण त्या पत्राच्या संध्याकाळचं पुढचं सांगायचं राहिलंच. मी निघाले तशी मावशीही चप्पल घालून उठली.

"चल माज्यासंगं."

"कुठे?"

"बाजारात. डरम घ्यायचाय. भंगारवाला काय परत देनार नाय."

आम्ही निळं पिंप घेतलं. दुकानदार हातगाडीवरून पोचवतो म्हणाला. मावशी म्हणाली, नको. एका कानाला तिने धरलं, दुसऱ्याला मी, आणि सगळ्या वस्तीतून, तिन्हीसांजेच्या आत, दारादारांत बायका बसलेल्या असताना आम्ही चालू लागलो. मला वाटलं होतं ती मान खाली घालून झपझप जाईल. ती मुद्दाम हळू चालत होती.

पहिल्या दारातूनच आवाज आला, "काय गो मावशे, आनला वाटतं डरम परत कंपनीतून?"

मावशी थांबली. पिंप खाली ठेवलं. माझ्याकडे हात केला. "हिला इचार. कंपनीची हाय."

मी सांगितलं. हे विकत घेतलंय. आधीचंही त्यांचंच होतं. कंपनीचं पिंप कधी गेलंच नव्हतं, चूक माझी होती.

"मोठ्यांदी," मावशी म्हणाली.

मी मोठ्याने सांगितलं. मग पुढच्या दारात. मग विहिरीपाशी, तिथे तर माझ्याच ओळखीच्या दोघी होत्या, सासूबाईंच्या भजनातल्या. त्यांच्यापुढेही. गल्ली संपेपर्यंत चार वेळा विचारलं गेलं आणि चार वेळा मी सांगितलं. शेवटच्या घरात एक म्हातारी जाळं विणत बसली होती. तिने काहीच विचारलं नाही. मावशी पुढे निघालीसुद्धा होती.

मी पिंप खाली ठेवलं आणि त्या म्हातारीलाही सांगितलं.